पहिली चानकी

मुरबाडच्या त्या डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझ्या सासऱ्यांच्या अंगावर ओरडत होते. "ए, तू बाहेर हो! तुझं काय भाजलंय?"

आमचे सासरे म्हणजे गावात भांडण मिटवायला ज्यांना बोलावणं येतं असे गृहस्थ. त्यांना अरेतुरे करायची आमच्या धसईच्या बाजूला कोणाची टाप नाही. ते बिचारे खरंच दोन पावलं मागे सरले. आणि हा माणूस त्याच दमात वळला आणि माझ्या सहा वर्षांच्या पोरीला म्हणाला, "या ताई. बसा. आपलं नाव काय?"

मी मनात म्हटलं, घ्या! एवढ्या लांब जीप पळवत आलो ते वेड्याच्या दारात.

उंच, पाठीत वाकलेले. अंगात हाफ शर्ट, पायात रबरी चपला, गळ्यात टॉवेल. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथे सुतळी बांधून ती कानामागे अडकवलेली. ती सुतळी नंतर मी वर्षभर बघितली. सिस्टर म्हणायची, सर, नवी काडी बसवून आणते. हे म्हणायचे, "यातून मला सगळं दिसतं. तुझ्या कपाटातली धूळसुद्धा."

तर त्यांनी तनूला बसवलं ते स्वतःच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत. स्वतः बसले स्टुलावर, तिच्यापेक्षा खाली. "तन्वीताई, हात दाखवता का? घाई नाही. मी थांबतो." आणि खरंच थांबले! बाहेर आम्ही जीपभर माणसं कालवा करतोय, पोरीचा हात फडक्यात गुंडाळलेला, आणि हा माणूस हाताची घडी घालून गप्प बसलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तनू रडायची थांबली. तिला आजवर कोणी 'आपण' म्हटलं नव्हतं. तिने हुंदका गिळला आणि हात पुढे केला.

उजवा हात. मनगटापर्यंत.

दुपारी भात वेळून पेज तपेलीत काढली होती. पेज म्हणजे तनूचा जीव की प्राण. वाटी घेऊन गेली, तपेली कलंडली आणि उकळती पेज हातावर आली. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. पेज चिकटून बसते. तिची किंकाळी ऐकून मी घरामागच्या परड्यातून धावत आले, तोवर अर्धी आळी गोळा झाली होती आणि प्रत्येकीने आपापलं औषध लावून टाकलं होतं.

डॉक्टरांनी फडकं सोडलं. आत हळद, हळदीवर दाताची पेस्ट, पेस्टवर खोबरेल.

"हे कोणी केलं?"

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "पेस्ट मीच लावली, बाबा. गार पडतो."

"हिच्या हाताला दात आले होते का, पेस्ट लावायला? घरात पाणी नव्हतं?"

"हाय की. दारातच नळ हाय."

"मग नुसता त्या नळाखाली हात धरायचास ना, म्हातारे! नुसतं पाणी!" एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आत फक्त मी राहिले, तीही तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

ते सगळं लिंपण धुऊन काढणं म्हणजे पोरीचे हाल. मला बघवेना. डॉक्टर तिला म्हणाले, "तन्वीताई, आता दुखणार. खोटं सांगत नाही. दुखलं की मला शिवी द्यायची. जेवढं दुखेल तेवढी मोठी." तनूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काय करते! मग पोरीने जी शिवी हासडली ती काही इथे लिहिता येत नाही. तिचे आजोबा बैल चिखलात बसला की देतात ती. सिस्टरच्या हातातला कापूस खाली पडला. मला तर धरणी दुभंगावी असं झालं.

डॉक्टरांनी हात न थांबवता विचारलं, "ही नवीन आहे. आमच्या मुरबाडात नाही ही. धसईची का?"

"आजोबांची," तनू म्हणाली.

"मग मघाशी त्यांना बाहेर काढलं ते चुकलंच माझं. दुसरी येते का?"

आणि माझी पोर तशात हसली. भाजलेल्या हाताने, गालावर पाणी ओघळत असताना हसली. तेव्हापासून मी त्या माणसाला मनातून वेडा म्हणणं बंद केलं. तोंडावर मात्र पुढेही पुष्कळदा म्हटलं.

पट्टी बांधून दार उघडल्यावर सासूबाईंनी हंबरडा फोडला. "उजवा हात गो! पोरीची जात! भाकऱ्या कशा थापील आता?"

डॉक्टर एवढे भडकले की सुतळी कानावरून सुटली. "पोरीने भाकऱ्याच थापायच्या का जन्मभर? विमान चालवील ती!"

"मला भाकरी येते," तनू मध्येच म्हणाली. "चानकी येते."

चानकी म्हणजे शेवटच्या पिठाची चिमुकली भाकरी. आमच्याकडे आई भाकऱ्या करायला बसली की लेकीला तेवढा गोळा मिळतो. तनूची चानकी कधी गोल व्हायची नाही, पण तिला तिचा केवढा तोरा.

डॉक्टर शांत झाले. सुतळी परत कानामागे लावली. "असं? मग हात बरा झाला की पहिली चानकी माझी. या हाताने केलेली. कबूल?"

"कबूल."

मी हळूच विचारलं, "डॉक्टर, होईल ना बरा?"

ते म्हणाले, "तुला कोण विचारतंय? आमचं ठरलंय."

या उलट्या अरे-अहोचा उलगडा मला सिस्टरने केला. डॉक्टर आजारी माणसाला 'अहो' म्हणतात, मग ते पाळण्यातलं का असेना. सोबत आलेल्या सगळ्यांना 'ए'. दुखणं ज्याचं, खुर्ची त्याची आणि मानही त्याचा, असा त्यांचा कायदा. "आणि ताई, पेशंट पुरता बरा झाला ना, की त्यालाही 'ए' म्हणतात. तोच त्यांचा डिस्चार्ज. ज्या दिवशी तुमच्या पोरीला 'ए' म्हणतील, त्या दिवशी समजा सुटलात." मग मला बाजारात बघितलेली गंमत कळली. डॉक्टर स्कूटरवरून जाताना "ए पक्या, ए शेंबड्या, सावकाश पळ!" असं ओरडायचे आणि पोरं चिडायच्या ऐवजी खूश होऊन हात हलवायची. ती सगळी बरी झालेली पोरं.

झालं, तेव्हापासून मला तेच वेड लागलं. दर बुधवारी ड्रेसिंगला गेलं की माझे कान त्यांच्या तोंडाकडे. "या तन्वीताई." नाही, आज नाही.

होळीच्या सुमाराला जखम भरली. गुलाबी कातडी आली. आम्ही पेढे घेऊन गेलो. तनूचे बाबाही वाशिंदहून सुट्टी काढून आले होते. तिथे कंपनीत कामाला आहेत, आठवड्याने घरी येतात. डॉक्टरांनी पेढा बाजूला ठेवला आणि तनूला म्हणाले, "मूठ उघडता का, ताई?"

तनूने उघडली. अर्धीच उघडली. अनामिका आणि करंगळी आत वळून बसली होती.

"कातडी आली," डॉक्टर म्हणाले. "हात नाही आला अजून."

मग आमच्याकडे वळले. तिला जेवायला कोण भरवतं? मी. वेणी कोण घालतं? सासूबाई. दप्तर कोण उचलतं? सासरे. आणि हात? हात दुखेल म्हणून आम्ही ओढणीच्या झोळीत बांधून ठेवला होता. मूठ मिटून, उराशी.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून लाडाने हात बांधून ठेवलात," ते म्हणाले. ओरडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली. "नवी कातडी आकसते. ती आपण रोज ताणायची, नाहीतर बोटं अशीच राहतील. मग ऑपरेशन. तेही धड होईल की नाही, मी सांगू शकत नाही."

तनूचे बाबा म्हणाले, "डॉक्टर, मी मुंबईला नेतो. मोठ्या हॉस्पिटलात."

"ने. चिठ्ठी देतो. तिथेही हाताला पट्टीच बांधतील, रंग जरा बरा असेल."

नेलं आम्ही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, हात पाहिला आणि म्हणाल्या, तिथेच जा, सांगतायत तसं करा. परत आलो तर आमचे डॉक्टर दवाखान्याच्या मागे शेगडीवर प्लास्टिकचा पाइप भाजत बसलेले. शेतात पाणी न्यायला वापरतात तो. कापून, तापवून, मऊ करून त्यांनी त्याला हाताचा आकार दिला. आधी स्वतःच्या हाताला लावून बघितला, कुठे बोचतो ते पाहून कडा घासल्या, गार झाल्यावर मग तनूच्या हाताला. "ही आपली झोपायची गादी. बोटं रात्री सरळ झोपली पाहिजेत." पाइपवर तिला हवं ते चित्र काढायची परवानगी होती. तिने कोंबडी काढली.

हे रात्रीचं झालं. दिवसाचं औषध त्यांनी विचारलं ते सासूबाईंना. "ए म्हातारे, यंदा वाल किती झाले?"

भातानंतर आमच्या शेतात वालच. सासूबाई म्हणाल्या, "झालंत की. का? पायजेत?"

"मला नको. तन्वीताईंना पाहिजेत. रोज वाटीभर मोड आलेले वाल सोलायचे. उजव्या हाताने. अंगठा आणि एकेक बोट, शेवटी करंगळी. आणि दर बुधवारी सोललेले मला आणून दाखवायचे."

बाहेर आल्यावर सासूबाई कुरकुरल्या, "औषध नाय, गोळी नाय, आन् वाल सोलाया सांगतो. डॉक्टर हाय का सुगरण?"

पण ज्याने कोमट पाण्यातले वाल सोललेत त्याला माहीत आहे. चिमटीत धरून दाबला की डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला की चेचते, कमी झाला की हलत नाही. त्यातून आकसलेल्या करंगळीने करायचं म्हणजे पोरीला ब्रह्मांड आठवायचं. एक वाल, आणि दहा वेळा "आई गं." तिसऱ्या दिवशी मी वाटी उचलून ठेवली. माझ्याने होईना.

पण त्यानंतर रोज सोललेली वाटी चुलीशी दिसायला लागली, मला वाटलं पोरच सोलतेय, आणि पुढच्या बुधवारी मी त्याच डाळिंब्या डब्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत बघितलं. एक डाळिंबी उचलून सुतळीच्या चष्म्याजवळ नेली.

"ही कोणी सोलली?"

"तनूने."

"तन्वीताईंनी सोलली असती तर निम्म्या चेचल्या असत्या. हिचा कोंबसुद्धा तुटलेला नाही. अशा डाळिंब्या सोलायला साठ वर्षं वाल सोलावे लागतात." डबा त्यांनी बंद केला. "म्हातारी कुठेय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं! मी उचलून ठेवलेली वाटी सासूबाई गुपचूप परड्यात नेऊन सोलत होत्या आणि तनू शेजारी बसून गोष्ट ऐकत होती. दोघींचं सूत. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना आत बोलावलं. मला वाटलं, आता म्हातारीची धडगत नाही.

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. आणि सिस्टरकडून पट्टी घेऊन सासूबाईंचा उजवा हात मूठ मिटून घट्ट बांधून टाकला. "बस इथे. माझे पेशंट संपेपर्यंत."

दुपार झाली. त्यांना चहा दिला, डाव्या हाताने पी म्हणाले. पान खायला चंची काढली, तीही डाव्या हातानेच सोडायला लावली. बसल्या बिचाऱ्या. पेशंट संपल्यावर डॉक्टरांनी पट्टी सोडली. "उघड मूठ."

सासूबाईंनी उघडली. बोटं आखडली होती. कळ मनगटापर्यंत गेली, त्या "अगं बाई" म्हणून कळवळल्या.

"सकाळपासून दुपारपर्यंत बांधला, तर तुझा हात असा झाला. हिचा आपण किती दिवस बांधून ठेवला होता?" आवाज अगदी हळू होता. "तू वाईट नाहीस गं. माया आहे तुझी. पण ती माया हिची बोटं खाईल."

सासूबाई घरी येईपर्यंत जीपमध्ये आपला हात चोळत बसल्या. त्यानंतर आमच्या घरात माझ्याहून कडक मुकादम त्याच झाल्या. तनूने अंग चोरलं की म्हणायच्या, "करंगळी गो, करंगळी! माझ्याकडं बघू नकोस, वालाकडं बघ."

दिवस काही झटपट सुधारले नाहीत. एका बुधवारी डॉक्टरांनी करंगळी ताणली आणि तनू अशी ओरडली की माझा ताबा सुटला. भर दवाखान्यात मी बोलले. दगड आहात तुम्ही, लेकराचा जीव घ्याल, असलं कसलं डॉक्टरपण! बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. मला रडू कोसळलं, तनू आधीच रडत होती. डॉक्टरांनी माझ्यापुढे त्यांचा पाण्याचा पेला ठेवला आणि वालांची वाटी पुढे सरकवली.

"रडा. दोघी रडा. पण सोलत रडा."

मी सोलायला घेतले. तनूनेही घेतले. डॉक्टर मध्ये बसले आणि तेही सोलायला लागले. त्यांना अजिबात येत नव्हतं! एकही डाळिंबी धड निघेना. तनूने डोळे पुसले आणि म्हणाली, "असं नाय डॉक्टर, चिमटीत धरा." तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना नीट येत नव्हतं की मुद्दाम चेचत होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात अनामिका सरळ झाली. करंगळी मात्र हट्टी. आणि गणपतीनंतर कळलं की डॉक्टर दवाखाना बंद करतायत. डोळे साथ देईनात, शहापूरला बहिणीकडे राहायला जाणार. शेवटच्या बुधवारी मी जीव कानात गोळा करून बसले होते. म्हणाले, "तन्वीताई, वाल सोडू नका. आपलं ठरलंय ते लक्षात आहे माझ्या."

अजून 'ताई'. परतीच्या जीपमध्ये मी तोंड खिडकीकडे करून बसले. डॉक्टर गेले आणि पोर अर्धीच सुटली, असं वाटत राहिलं.

थंडीत तनूने परत चानक्या थापायला घेतल्या. सगळ्या एका बाजूने फाटायच्या. करंगळी टेकत नव्हती, तिथे कड दाबली जायची नाही. चिडून गोळा परातीत आपटायची. सासूबाई म्हणायच्या, "आपट. मंग परत मळ." मी तव्याशी बसून राहायचे, तोंडातून शब्द काढायचे नाही. मी गप्प बसले, यावरून काय ते समजा.

नवे वाल निघाले त्या दिवसांत एका सकाळी चानकी अख्खी तव्यावर पडली. वाकडी, जाड, पण अख्खी. वरून पाणी फिरवताना तिने इतकं दाबलं की बोटं उमटली. एरवी मी ओरडले असते, हात हलका ठेव म्हणून. मी त्या भाकरीकडे बघतच राहिले. तशीच कापडात गुंडाळली, आणि आम्ही तिघी शहापूरच्या गाडीत बसलो.

डॉक्टर ओट्यावर बसले होते. तोच चष्मा, तीच सुतळी. तनूने कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं. "पहिली चानकी," म्हणाली.

त्यांनी भाकरी उजेडात धरली. त्यांना नीट दिसत नसावं, कारण नंतर त्यांनी ती बोटाने चाचपायला सुरुवात केली. एका खड्ड्यावर बोट ठेवलं. मग शेजारच्या. मग तिसऱ्या. आणि थांबले. बोट हळूहळू कडेकडे सरकलं. तिथे होती. जरा तिरकी, जरा उथळ, पण टेकली होती करंगळी.

त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, नुसताच. चावत राहिले.

"कशी झालीय?" तनूने विचारलं.

"ए तने," डॉक्टर म्हणाले, "मीठ कोण घालणार यात? तुझी आजी?"

तनू आधी माझ्याकडे बघत राहिली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हनला गो! ए म्हनला!"

आणि मी, जी त्यांच्याशी वर्षभर भांडले, ओट्यावर बसून हमसून हमसून रडले.

"आता हिला काय झालं?" डॉक्टरांनी उरलेली भाकरी पुढ्यात ओढून घेतली, कोणी मागू नये अशी. "तने, आत जा. तुझ्या आईला पाणी आण."

तनू आत गेली आणि काठोकाठ भरलेला तांब्या उजव्या हातात धरून आली. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. मी तिच्या हातातून घ्यायला उठले नाही.